दाखिल दफ्तर

मला राग चटकन येतो, हे सगळ्या बेगमपुऱ्याला ठाऊक आहे. पण त्या तात्यासाहेबांनी मला जेवढा राग आणला तेवढा माझ्या नवऱ्यानंही कधी आणला नाय, आणि माझा नवरा म्हणजे अंगात घातलेला सदरा ‘कुठं गेला, कुठं गेला’ म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. औरंगाबादेत पाणचक्कीच्या पलीकडं आमचा बेगमपुरा. तिथं आम्ही बायकांनी एक मंडळ काढलं होतं. मराठी बायका त्याला महिला मंडळ म्हणायच्या, मुसलमान बायका अंजुमन म्हणायच्या, आणि आमचे पुरुष ‘तो बायांचा गलका’ म्हणायचे. अध्यक्ष मी, सरूबाई. माझी जोडीदारीण रईसा. तिचा नवरा हिमरूचं कापड विणायचा. रईसाला उर्दू वाचता यायचं आणि मला भांडता यायचं, त्यामुळं मंडळ झकास चाललं होतं.

मंडळाचं काम एकच, सरकारकडं मागायचं. शिवणकाम नाय, भजन नाय, पापड तर नायच नाय. गल्लीला काय पाहिजे ते ठरवायचं, मुन्शीकडून अर्ज लिहून घ्यायचा, बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत खेटे घालायचे, साहेबाचा टांगा दिसला की आडवं उभं राहायचं. जागेचं भाडं आणि मुन्शीचा खर्च जालन्याचे जिनिंगवाले आप्पासाहेब द्यायचे. त्यांची आई आमच्या आळीची लेक, म्हणून.

पण त्या साली त्यांच्या जावयानं त्यांचे कान भरले. धर्मशाळा बांधली तर भिंत दिसते, विहीर खणली तर पाणी दिसतं; ह्या बायकांनी अर्ज केल्यानं काय होतं ते कुणाला दिसतं? आप्पासाहेबांना ते पटलं. पुण्याला शिकून आलेले तात्यासाहेब त्यांचा कारभार बघायचे. आप्पासाहेबांनी त्यांना आमच्याकडं धाडलं. मंडळाच्या मागण्यानं खरोखर काही होतं का ते बघून या. होत असेल तर देणगी चालू, नाहीतर धर्मशाळा.

तुम्ही म्हणाल, गेली देणगी तर गेली. वा रे वा! आणि नजमाचं काय?

नजमा म्हणजे रईसाची थोरली. चौथी पास झालेली, चुणचुणीत, मराठीही वाचायची आणि उर्दूही. पुढची शाळा मकाई दरवाज्याच्या आत, शहरात. तिची दादी शकीलाबी एकदम कडक बाई. तिनं सांगून टाकलं होतं, की पोरगी उघड्या रस्त्यानं चालत जाणार नाय. शहरातल्या काही मोहल्ल्यांत मुलींना न्यायला पडदे लावलेली सरकारी बैलगाडी यायची. तशी आमच्याकडं आली तर नजमा जाईल. नाहीतर शाळा उघडायच्या दिवशी दप्तर माळ्यावर आणि पोरगी चुलीपाशी. त्या गाडीचा अर्ज मंडळानं करायचा होता, आणि मंडळच बुडालं तर अर्ज करणार कोण?

तरी मला काळजी नव्हती. आमच्याकडं दाखवायला हौद होता.

नहरीचं पाणी आमच्या आळीत एका मोठ्या हौदात यायचं. पूर्वी सकाळी तिथं पुरुषांचंच राज्य. फुलंब्रीहून गवताची गाडी आणणारा बन्सी आपली बैलं तिथं धुवायचा, आळीतले चार टोणगे लंगोट लावून पाणी उडवत बसायचे, आणि आम्ही बायका हंडे घेऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या. रईसा न्‌ तिच्या जावा तर बुरख्यात उकडून निघायच्या. मग आम्ही अर्ज केला, की सकाळची वेळ फक्त बायकांची असावी. कचेरीत इतके खेटे घातले की तिथला पंखा ओढणारासुद्धा मला ‘आलात व्हय’ म्हणायला लागला. शेवटी एकदाचा अर्ज परत आला. खाली गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या वर झोकदार उर्दूत शेरा.

रईसानं वाचला, ‘दाखिल दफ्तर.’

‘म्हणजे गं?’

‘म्हणजे काय, आपा! नजमा शाळेत दाखल झाली की नाय? तसा आपला अर्ज दफ्तरात दाखल झाला. सरकारनं आत घेतला त्याला!’

अगं बाई गं! मी तिथल्या तिथं रईसाला धरून फुगडी घातली. आळीभर बत्तासे वाटले. अर्जाला काचेची चौकट केली, चौकटीला झेंडूचा हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकट डोक्यावर धरून आम्ही सगळ्या जणी हंडे वाजवत हौदावर गेलो. तिथं बलदियाचा जवान दाऊद पहाऱ्याला असायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का बरोबर ओळखता यायचा. गोल शिक्का दिसल्याबरोबर त्यानं टाच आपटून सलाम ठोकला. दाऊदनं सलाम ठोकलेला बघून बन्सीनं मुकाट्यानं बैलं सोडली, आणि ते टोणगे तर ओल्या लंगोटानिशी पळाले. तेव्हापासून सकाळचा हौद बायकांचा. तात्यासाहेब आले तेव्हा त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

तर तात्यासाहेब आले. काळी टोपी, पांढरं उपरणं, आणि सोबत एकच प्रश्न. मी त्यांना गुळाचा चहा दिला, हौदाची सगळी हकीकत रंगवून सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘हौद बायकांना मिळाला हे दिसतंय. पण तो मंडळामुळं मिळाला, हे कशावरून?’

‘कशावरून म्हणजे? आम्ही मागितला आणि मिळाला!’

‘कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, सरूबाई. पण म्हणून कोंबड्यानं...’

‘मला कोंबडा म्हणता?’

‘नाही नाही, तसं नव्हे...’ ते बिचारे चहा सांडून बसले. पण प्रश्न काही त्यांनी सोडला नाही. आळीत फिरून सगळ्यांना विचारतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत आळीतल्या पोरांनी त्यांचं नाव ‘कशावरून साहेब’ ठेवलंसुद्धा.

मी म्हणलं, विचारा, खुशाल विचारा. मीही मागोमाग गेले.

पहिला भेटला बन्सी. तो गाडीवर पेंढ्या रचत होता. ‘हौद व्हय? त्यो मीच सोडला की. बाया ताटकळत्यात, मला बघवंना. मी म्हणलं, मरू दे, आपली बैलं नदीवर नेऊ. आपलं मन लई मोठं हाय, साहेब.’

मी डोळे वटारले तर हा माझ्याकडं बघेचना.

दाऊद तर मिशीला पीळच देत आला. ‘साब, ये डंडा देखे? इसकी वजह से हुआ. मैं एक बार आंख दिखाया, सब मरद गायब.’

शकीलाबीनं पडद्याआडूनच सांगितलं, की तिनं चाळीस जुम्मे दुआ मागितली होती, त्याचं फळ. मग मी शेजारच्या द्वारकेला पुढं केलं. ही नवी सून, गेल्या साली लग्न होऊन आलेली. म्हणलं, ही तरी मंडळाचं नाव घेईल.

‘कुणामुळं म्हणजे?’ ती म्हणाली. ‘सकाळचा हौद बायकांचाच असतोय की. मी नांदायला आले तवापासून असंच हाय. रीतच हाय इथली.’

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं ऊन डोक्यावर घेऊन आम्ही कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि ही म्हणते रीतच हाय! वर्ष-सव्वा वर्षात आमचं नावसुद्धा पुसलं गेलं. मला लई वाईट वाटलं, खरंच सांगते.

तात्यासाहेब म्हणाले, ‘सरूबाई, बघा, चौघांनी चार कारणं सांगितली. मंडळाचं नाव एकानंही घेतलं नाही. मी आप्पासाहेबांना काय सांगू?’

‘चला माझ्यासोबत,’ मी म्हणलं. ‘सरकारचं नाव तर चालंल ना तुम्हाला?’

मी त्यांना तरातरा मंडळाच्या खोलीत नेलं. भिंतीवर चौकट होती. हार रोज नवा घालत होतो आम्ही. रईसा होती, नजमा होती, नातीला बोलवायला शकीलाबीही आली होती. मी म्हणलं, ‘रईसा, वाच. मोठ्यानं वाच.’

रईसानं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि वाचलं, ‘दाखिल दफ्तर.’

तात्यासाहेबांना उर्दू येत नव्हतं. पण हे ऐकून ते चौकटीजवळ गेले. मग हळूच म्हणाले, ‘पुन्हा वाचता का?’

‘दाखिल दफ्तर,’ रईसा आणखी ठसक्यात म्हणाली.

‘दप्तरी दाखल?’

‘हौ, तेच ते.’

त्यांनी टोपी काढली. ‘सरूबाई, कसं सांगू आता... कचेरीच्या भाषेत दप्तरी दाखल म्हणजे कागद बासनात बांधून फळीवर टाकला. पुढं काही करायचं नाही. अर्ज निकालात काढला.’

‘म्हणजे मंजूर नाय?’

‘नाही.’

‘अजिबात नाय?’

‘अजिबातच नाही.’

मी चौकटीकडं बघितलं. झेंडूचा हार चांगला टवटवीत होता. ‘म्हणजे वर्षभर आम्ही नामंजुरीला हार घातले?’

रईसा आधी पांढरीफटक पडली. मग तिच्या खांद्याला कंप सुटला. मला वाटलं रडतेय, तर ही बया हसत होती! ‘आपा, बत्तासे... बत्तासे वाटले आपण!’ म्हणून खालीच बसली. नजमाही हसायला लागली. मलाही हसू फुटत होतं, पण तेवढ्यात तात्यासाहेबांनी खाकरून आणखी एक गोष्ट सांगितली. हौदाचा हुकूम बघावा म्हणून ते दुपारी जेवायच्या वेळी बलदियात जाऊन आले होते. तिथल्या कारकुनाला असा काही हुकूमच सापडेना. तो उठून थेट पाण्याच्या मोहतमीम साहेबांकडं गेला, म्हणजे त्या खात्याच्या वरिष्ठाकडं. आणि साहेब उद्या सकाळी स्वतः हौदावर चौकशीला येणार होते.

आता मात्र माझं डोकं सणकलं. ‘अहो, तुम्ही आमचं काम मोजायला आला होता का मोडायला? चांगला चालला होता हौद! कुणी सांगितलं होतं कचेरीत जायला?’

‘खरं काय ते बघायचं म्हणून...’

‘बघितलंत ना? झालं समाधान?’

चेहरा पडला होता त्यांचा, हे मला दिसत होतं, पण माझा राग आवरत नव्हता. शकीलाबीनं दारातून विचारलं, ‘तो फिर गाडी का क्या?’ मी चौकटीवरचा हार काढायला लागले. शकीलाबी एवढंच म्हणाली, ‘चल, नजमा.’ पोरगी माझ्याकडं बघत बघत गेली. मला रडू आलं. रागाचं नाय, त्या पोरीच्या तोंडाकडं बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. चौकशी म्हणलं की आमच्या आळीला लग्नासारखं वाटतं. बायका हंडे घेऊन एका बाजूला, पुरुष लांब पिंपळाखाली. बन्सीनं गाडी मुद्दाम तिथं उभी केली होती. मी चौकट काखेत धरून पुढं उभी, हार मात्र काढून ठेवला होता. तात्यासाहेब एका बाजूला अंग चोरून उभे.

मोहतमीम साहेब टांग्यातून उतरले. तुर्की टोपी, शेरवानी, हातात चांदीच्या मुठीची छडी. त्यांनी हौदाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि दाऊदला विचारलं, ‘ये औरतों का वक्त किसके हुक्म से मुकर्रर हुआ?’

कालचा डंडेवाला दाऊद, आज त्याची मिशी एकदम खाली. ‘हुजूर, मैं तो खाली खडा रैता हूं. ये अंजुमनवालियों ने करा. मेरा कुछ नै.’

साहेब बन्सीकडं वळले. ‘तुम हौज से क्यों हटे?’

‘मी गवतवाला हाय साहेब, मला काय कळतंय? मंडळानं हाकललं, म्या गेलो. ह्या सरूबाईला कोण नाय म्हणणार?’

‘आणि तुमचं मोठं मन?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी बुरख्यातल्या बायकांकडं बघितलं. कुणी काही विचारायच्या आधीच शकीलाबी म्हणाली, ‘मैं तो अपने घुटनों के वास्ते दुआ करती हूं, हुजूर. हौज का मेरेकू मालूम नै.’

साहेबांनी छडी जमिनीवर आपटली. ‘तो ये किया किसने?’

मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू. सरकारी शेरा उलटा फिरवल्याबद्दल काय करतात कुणास ठाऊक! पण नजमा लहान कळशी घेऊन पुढं उभी होती आणि माझ्याकडंच बघत होती. आज मी गप्प बसले तर ही पोरगी जन्मभर गप्प बसंल, असं मला वाटलं.

‘मी,’ मी म्हणलं. ‘माझ्या हुकमानं.’

‘आणि माझ्या,’ रईसा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ‘शेरा मीच चुकीचा वाचला, हुजूर.’

‘आम्ही बी होतो,’ मागून एक आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता मंडळाच्या सगळ्या जणी हंडे खाली ठेवून पुढं आल्या.

आणि तेवढ्यात कोण हसावं? तात्यासाहेब! चांगले खो खो हसले. ‘सापडलं!’ म्हणाले. ‘सापडलं, सापडलं!’

‘आमचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही हसताय?’ मी अंगावरच गेले.

‘माफ करा, सरूबाई,’ ते डोळे पुसत म्हणाले. मग साहेबांना अदबीनं सलाम करून त्यांनी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. ‘साहेब, हौद कुणामुळं मिळाला हे मी काल दिवसभर विचारत होतो. काल शाबासकी वाटायची होती, तेव्हा अख्खी आळी पुढं आली. आज ठपका वाटायचा आहे, तर सगळ्यांचं बोट एकीकडंच. मला ह्याहून मोठा पुरावा नको.’

साहेबांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. पण माणूस कचेरीचा. त्यांनी दाऊदला विचारलं, ‘इस दौरान यहां झगडे हुए?’

‘एक भी नै हुजूर! पैले रोज होते थे. किसीका हंडा फूटता, किसीका डोका.’

साहेब दाढी कुरवाळत उभे राहिले. त्यांची अडचण मला कळत होती. नामंजूर केलेली गोष्ट वर्षभर आपल्या नाकासमोर चालली होती हे वर कळवावं, तर हैदराबादहून विचारतील, तुम्ही काय झोपा काढत होता? बंद करावी, तर ह्या सगळ्या बायका उद्या टांग्यापुढं आडव्या. त्यांनी सुटकेसाठी इकडंतिकडं बघितलं, आणि नजर द्वारकेवर गेली. ‘तुम बताओ बेटी, ये कब से चल रहा है?’

द्वारकेनं पदर ओढून घेतला. ‘मी नांदायला आले तवापासून असंच हाय, साहेब. रीतच हाय इथली.’

‘रीत?’ साहेबांचा चेहरा एकदम उजळला. ‘दस्तूर! पुराना दस्तूर है, ऐसा कहो ना!’

ज्या वाक्यासाठी मी काल ह्या पोरीवर चिडले होते, त्याच वाक्यानं साहेबांना वाट सापडली. त्यांनी माझ्या काखेतली चौकट मागून घेतली, मागचे खिळे दाऊदकडून काढवले, टांग्यातून कलमदान मागवलं, आणि आपल्याच जुन्या शेऱ्याखाली एक नवा शब्द लिहिला. रईसानं मान लांब करून वाचला, ‘बदस्तूर.’

‘थांबा साहेब,’ मी म्हणलं. ‘आधी सांगा, हा शब्द व्हय म्हणतो का नाय म्हणतो? मागच्या खेपेला आमची फजिती झालीय.’

साहेब तेव्हा मात्र मोकळे हसले. ‘बाई, ये लफ्ज कहता है, जैसा चलता आया है वैसा ही चलने दो.’

मग काय विचारता! हंडे असे वाजले की पिंपळावरची पाखरं मकबऱ्याकडं उडाली. शकीलाबी सगळ्यांना सांगत सुटली, की पहिल्यापासून तिचा मंडळाला पाठिंबा होता.

जायच्या आधी तात्यासाहेब चहाला आले. म्हणाले, ‘देणगी चालू ठेवा असं मी आप्पासाहेबांना सांगणार आहे.’

‘कशावरून?’ मी विचारलं.

चहा परत सांडला त्यांचा. पण हसून म्हणाले, ‘अर्जानं कचेरी हलली नाही, सरूबाई. पण अर्ज करता करता तुम्ही हललात. भिंतीकडं तोंड करून उभ्या होतात, त्या वळलात. कागद तर तेव्हाच फळीवर पडला होता, पण तुम्ही हौदावर गेलात. आप्पासाहेबांना मी हेच सांगेन, की धर्मशाळेची भिंत दिसते, तसा सकाळचा हौदही दिसतो. तो बघायला मात्र सकाळी लवकर उठून यावं लागतं.’

माझा राग तिथं संपला. मी त्यांना शिदोरीला दशम्या बांधून दिल्या.

देणगी चालू राहिली. आम्ही लगेच मुन्शीला बसवून गाडीचा अर्ज लिहून घेतला आणि पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढायला लागलो. ह्या वेळी अर्ज बलदियाचा नाय, शाळाखात्याचा. तिथला पंखेवाला निराळा, पण ओळख व्हायला कितीसा वेळ लागतो! शाळा उघडायचा दिवस जवळ येत चालला. रोज सकाळी नजमा हौदावर भेटायची आणि विचारायची, ‘खाला, आया क्या?’ मी म्हणायची, येईल गं, येईल.

शाळा उघडायला एकच दिवस राहिला, तेव्हा आला. मी तो रईसाच्या घरी घेऊन गेले. शकीलाबी सुपारी कातरत बसली होती, नजमा तिच्या मागं. रईसानं कागद उलगडला, आणि तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

‘वाच,’ शकीलाबी म्हणाली.

रईसानं मान खाली घातली. ‘अम्मी... दाखिल दफ्तर.’

आता ह्या शब्दाचा अर्थ आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला होता. नजमा उठली, आणि दप्तर घेऊन माळ्याची शिडी लावायला लागली. मी कागद फाडायलाच निघाले होते.

‘नक्को, सरू,’ शकीलाबीनं माझा हात धरला. अडकित्ता खाली ठेवला. ‘शिक्का है क्या उसपे?’

‘आहे.’

‘गोल?’

‘गोलच आहे.’

‘तो फिर सरकारीच है!’ शकीलाबी म्हणाली. ‘हौज का कैसा करे थे? वैसाच करना. रईसा, बत्तासे मंगा. नजमा, वो शिडी कायकू लगाई? उतर नीचे.’

मी तिच्याकडं बघतच राहिले. मग मी त्या म्हातारीला असं कवटाळलं की तिचा पानाचा डबा कलंडला.

बत्तासे वाटले. बन्सीला बोलावलं. तो म्हणाला, गवत उतरवलं की गाडी रिकामीच असते, आपलं मन लई मोठं हाय. ह्या वेळी ते खरंच निघालं. रईसाच्या नवऱ्यानं विणताना बिघडलेला हिमरूचा एक तागा काढून दिला, त्याचे चहूबाजूंनी पडदे झाले. नक्षी एका ठिकाणी वाकडी होती, पण गाडी अशी देखणी दिसत होती की नवाबाची बेगम बसली तर उतरायची नाय. नजमा बसली, तिच्यासोबत आळीतल्या आणखी पाच पोरी बसल्या, मी पुढं बन्सीशेजारी, मांडीवर नवी चौकट घेऊन.

मकाई दरवाज्यात जवानानं गाडी अडवली. हा काही दाऊद नव्हता, अनोळखी होता. ‘किसकी गाडी है ये? किसके हुक्म से?’

मी चौकट दाखवायला उचलली, तेवढ्यात मागचा पडदा बाजूला झाला. नजमानं डोकं बाहेर काढलं आणि मोहतमीम साहेबांसारखा आवाज काढून ठणकावून सांगितलं,

‘बदस्तूर!’

जवानानं टाच आपटून सलाम ठोकला, आणि बन्सीनं बैलं हाकली.